चाकं मोजणारा माणूस

पडद्यावरचा रणगाडा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचं तरी सोंग घेऊन आलेला असतो. 1965 सालच्या 'बॅटल ऑफ द बल्ज'मध्ये जर्मनांचा किंग टायगर म्हणून जे धूड अंगावर येतं, ते स्पॅनिश लष्कराकडचं अमेरिकी एम-47 पॅटन. त्याच्यासमोरचा शर्मन म्हणजे खरं तर चॅफी. पडद्याबाहेर, त्याच वर्षी सप्टेंबरात भारत-पाक युद्धात खेमकरणजवळच्या असल उत्तरला उसाच्या ओल्या रानात पाकिस्तानचे पॅटन रुतून पडले होते. पुढे 'केलीज हीरोज'साठी युगोस्लाव्हियात सोव्हिएत टी-34 वर पत्रे चढवून टायगर उभे केले गेले. 'फ्युरी'त, 2014 साली, इंग्लंडच्या बोव्हिंग्टन संग्रहालयातला खराखुरा टायगर चालवला, तर त्याचीच बातमी झाली!

या सोंगांमागचे अस्सल चेहरे बघायचे तर आपल्याला नगरइतकं जवळचं ठिकाण नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात शर्मन, सेंच्युरियन, पॅटन, विजयंता सगळे ओळीने उभे आहेत. गर्दी असते ती नळीखाली उभं राहून फोटो काढणाऱ्यांची. माझ्यासोबतचे मिस्त्री मात्र पॅटनच्या कडेला उकिडवे बसून चाकं मोजत होते. गणपतीचे देखावे करण्यात उमेदीची वर्षं गेलेला हा माणूस. आता एका मालिकेसाठी त्यांना रणगाडा करायचा होता.

"एका बाजूला सहा," ते म्हणाले. "टी-55 ला पाच असतात, अन् पहिल्या-दुसऱ्यात फट जास्त. लोकांना नाव सांगता येत नाही, पण चाक चुकलं की खटकतं बघा."

मग बुरुजाकडे वळले. पॅटनचा बुरूज ओतीव, म्हणून त्याला कुठे सरळ कड नाही आणि पृष्ठभाग खरबरीत. विजयंताचं अंग पोलादी पत्रे जोडून केलेलं, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्याला वेल्डिंगची जाड शिवण. प्लायमधून विजयंता लवकर निघेल, पॅटनला घाम गाळावा लागेल, असा त्यांचा हिशेब. अर्थात मालिकावाल्यांना पॅटनच हवा होता.

पुढे मिस्त्रींच्या कारखान्यात गेलो तेव्हा काम अर्ध्यावर होतं. खाली जुन्या मालवाहू गाडीची चासी, तिच्यावर अँगलचा सांगाडा, त्यावर प्लाय आणि फायबर. ओतीव पोलादाचा खरबरीतपणा आणायला पोऱ्या ओल्या पुट्टीवर आखूड केसांचा ब्रश नुसता टोचत होता. ओढायचा नाही, ओढला की भिंतीच्या रंगकामासारखे फराटे उठतात.

नळीसाठी पीव्हीसी पाइप. एम-48 पॅटनची तोफ 90 मिलिमीटरची, त्यामुळे बाजारातला 110 चा पाइप तोंडाशी बरोबर जमतो. पण खरी नळी बुरुजाकडे जाडावत जाते आणि पाइप शेवटपर्यंत सारखाच. त्यावर उपाय म्हणजे मुळाशी फायबरचे थरावर थर गुंडाळायचे, मग घासून उतार काढायचा. उन्हात पाइप वाकतो म्हणून आत लोखंडी नळी घालावी लागते, ती निराळीच. नळीच्या टोकाच्या मझल ब्रेकवर त्यांनी अख्खी दुपार घालवली. मला ते जरा जास्तच वाटलं, पण पडद्यावर नळीचं तोंडच आधी दिसतं हेही खरं.

आकार असा साधतो. वजन साधत नाही. पंचेचाळीस टनांवरचा रणगाडा थांबताना नाक खाली घालतो आणि मग सावकाश सावरतो. प्लायचा रणगाडा खड्ड्यातून जाताना टुणकन उडतो. मिस्त्रींनी चासीत वाळूची पोती भरून पाहिली, तर इंजिनच दमलं. शिवाय रबरी पट्ट्यांची साखळी नुसती लटकावलेली, चाकंही खोटी, फिरणार कशी?

शेवटी त्यांनी दिग्दर्शकाला फोन लावला. "साहेब, गाडी बांधाआडून आणा. बांध कमरेइतका पाहिजे. चाकं दिसायला नकोत, अन् धूळ भरपूर उडवा."

तिकडून होकार आला असावा, कारण फोन ठेवताच त्यांनी पोऱ्याला उरलेली चाकं रंगवू नकोस म्हणून सांगितलं.