भिंत बांधता न येणारा जिवाणू

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू राहतात. एकेक जिवाणू मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा. पण हवं ते खाणं आणि शरीराइतकी ऊब मिळाली, की वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री दहाला एकच असेल, तर त्या वेगाने सकाळी आठला शंभर कोटींच्या वर!

अशा जीवात परकी जनुकं घालायची विद्या १९७३ च्या सुमारास हाती आली आणि शास्त्रज्ञच दचकले. हा नवा जिवाणू बाहेर निसटला तर? १९७४ मध्ये पॉल बर्ग आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या शास्त्रज्ञांना जाहीर विनंती केली : यातले धोक्याचे वाटणारे प्रयोग तूर्त थांबवा. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे सुमारे १४० जण जमले. तिथे ठरलं, की कुंपण दुहेरी हवं. एक प्रयोगशाळेचं : हातमोजे, हवा गाळणारी कपाटं, आणि टाकाऊ द्रव नाल्यात सोडण्यापूर्वी १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत शिजवणारा ऑटोक्लेव्ह, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ. दुसरं कुंपण मात्र जिवाणूच्या अंगातच घालायचं!

हे काम अलाबामातल्या रॉय कर्टिस यांनी अंगावर घेतलं. जिवाणूभोवती एक मजबूत भिंत असते. तिच्या विणीत डायअमिनोपिमेलिक आम्ल नावाचा रेणू लागतो, आणि माणसाचं शरीर हा रेणू बनवतच नाही. कर्टिस यांनी तो तयार करणारं जनुकच निकामी केलं. आता प्रयोगशाळेतून हे आम्ल मिळालं तरच भिंत उभी राहणार. ते नसेल, तर आतली पेशी वाढत जाते, भिंत पुरी पडत नाही, आणि जिवाणू फुटतो.

तरीही काही जिवाणू तगले. कसे? त्यांनी अंगाभोवती कोलॅनिक आम्लाचं बुळबुळीत वेष्टण तयार केलं, आणि भिंतीची उणीव त्या वेष्टणाने सांभाळून घेतली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाची जगण्याची ही केवढी चिकाटी! कर्टिस यांनी मग तीही वाट बंद केली. शिवाय, आपल्या आतड्यातल्या पित्ताने हा जिवाणू मरावा, अशी तजवीज केली. १९७६ मध्ये हा जिवाणू अशा प्रयोगांसाठी मान्य झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं ते दोनशेवं वर्ष, म्हणून त्याच्या नावात १७७६ हा आकडा आला.

याच दुबळ्या जिवाणूत १९७८ मध्ये हार्वर्डच्या लिडिया व्हिला-कोमारॉफ, वॉल्टर गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी उंदराचं इन्सुलिनचं जनुक घातलं, आणि त्याने इन्सुलिनचा पूर्वरेणू बनवून दाखवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका गटाने ई. कोलायकडून माणसाचं इन्सुलिन मिळवलं, आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती या माणसांचा विचार. आपल्या हातून चूक होणारच नाही, असं त्यांनी धरलं नाही. कधीतरी बाटली फुटेल, हात थरथरेल, हे मान्य करून त्यांनी आधीच विचारलं : तेव्हा हा जीव बाहेर जगेल का? आणि त्याने जगू नये, याची सोय त्याच्या भिंतीतच करून ठेवली.