घाटातल्या पिकअपसाठी हेडर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजात मिस्त्रींनी बाकड्यावर दोन हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचे जुडगे, मांडले होते. गाडी जुनी पेट्रोल स्विफ्ट, १२९८ सीसीची. तरुण मालकाची नजर जाड पाइपांच्या हेडरवर. मिस्त्रींनी एकच विचारलं, “गाडी पळवतोस कुठं?”

“रत्नागिरीला जातोय की, आंबा घाटातनं.”

माझ्या मते निवड तिथेच झाली.

जाड हेडरमध्ये चारही पाइप एकाच जागी मिळतात. दुसऱ्यात आधी दोन-दोनच्या जोड्या, मग एक पाइप. या इंजिनात स्पार्क १-३-४-२ या क्रमाने पडतो, म्हणून जोडी १ आणि ४ची, २ आणि ३ची. जोडीतल्या दोघांत क्रँकचा पूर्ण एक फेरा जातो, त्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. धुराबरोबर दाबाची लाट धावते आणि पाइप मिळतात तिथून ओढणारी लाट मागे फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात. नेमकी तेव्हा ती ओढणारी लाट पोहोचली, तर उरलासुरला धूर निघून जातो आणि ताजं मिश्रण आत खेचलं जातं. लांब पाइपात हा मेळ कमी आरपीएमला बसतो, आखूड पाइपात जास्त आरपीएमला. चार-एक हेडर बहुधा ट्रॅकवर, वरच्या आरपीएमला खुलतो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला उपयोगी पडतो चार-दोन-एक. आणि पाइप जाड तेवढी ताकद जास्त, या समजुतीने छोट्या इंजिनांचं फार नुकसान केलंय. जाड पाइपात धुराचा वेग पडतो, खालचा पिकअप जातो.

मिस्त्रींनी फ्लँजवर पट्टी आडवी धरून फटीतून उजेड येतो का पाहिलं. पातळ फ्लँज तापून वाकतो आणि गॅस्केट उडतं. मग आत बोट फिरवून वेल्डिंगचा उंचवटा चाचपला. पाइपचं तोंड पोर्टपेक्षा किंचित मोठं चालतं. लहान असलं तर धूर कडेवर आपटतो. ऑक्सिजन सेन्सरची जागा चारही पाइप मिळाल्यानंतर होती. आधी असती, तर त्याला सगळ्या सिलिंडरांचा धूर मिळाला नसता.

“कॅटलिटिक कन्व्हर्टर काढू या का?” मालकाने विचारलं.

“त्याला हात लावायचा न्हाई.”

मला हे मनापासून पटलं. कायदा आहेच, पण मागून येणाऱ्यांनी आपला विषारी धूर का गिळायचा?

नुसत्या हेडरने हॉर्सपॉवर मोजकीच वाढते, हेही मिस्त्रींनी पैसे घेण्याआधी सांगितलं. रत्नागिरीची खारी हवा बघून स्टेनलेस स्टीलचा चार-दोन-एक ठरला. बसवून झाल्यावर ते म्हणाले, “चार-दोन दिवस चालव आणि गार गाडी घेऊन ये. नट परत आवळाय लागतील.”