आज्ञावलींचे विभाजन आणि मराठीचे स्थान

प्रस्तावना : लिनक्समध्ये आज्ञावली 'पॅकेज' या स्वरूपात वितरित होतात. पॅकेज अवाढव्य असल्यास वापरकर्त्याला अनावश्यक भागही साठवावा लागतो. विभाजन हा त्यावरील उपाय होय.

विवेचन : रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिपींचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले, पुढे त्यांच्या विकासात कंपनीच्या पुणे कार्यालयाचा वाटा राहिला. डेबियन या लिनक्स वितरणात देवनागरी, गुजराती, तमिळ लिपींच्या लोहित फॉन्टची पॅकेजे स्वतंत्र आहेत. लिब्रेऑफिसचेही लेखन व तक्ते हे घटक वेगळे, समाईक फायली निराळ्या पॅकेजात आणि मराठी भाषांतर आणखी एका पॅकेजात आहे. प्रत्येक पॅकेजात त्याला आवश्यक अशा इतर पॅकेजांची नोंद असते; तीही आपोआप स्थापित होतात.

मर्यादा : लेखन-घटकाच्या या नोंदीत मराठी भाषांतर नसते. त्यामुळे प्रयोगशाळेत केवळ तो घटक स्थापित केल्यास जागा वाचते; परंतु पडद्यावर इंग्रजीच राहते.

समारोप : इतर पॅकेजांना एकत्र आणणारे 'मेटापॅकेज' येथे उपयुक्त ठरते. डेबियनमधील 'फॉन्ट्स-देवा' देवनागरी फॉन्ट असेच एकत्र आणते. मराठी वेगळी काढताना ती सहज परत मिळण्याची सोय करणे हा विभाजनाचाच भाग मानला पाहिजे.