विषावर उतारा, घोड्याविना

कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपलीकडचा नाग मुले कुतूहलाने पाहतात. शेतात राबणाऱ्यास मात्र तीच भेट प्राणघातक ठरते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सर्पदंशावरील लस आजही घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्यास विषाच्या अल्प मात्रा वारंवार टोचून त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढली जातात. एका जिवाच्या रक्षणासाठी दुसऱ्यास पीडा, हा पेच अहिंसेच्या उपासकास अस्वस्थ करणारा आहे.

या पेचातून सुटण्याची एक वाट अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या संशोधनातून दिसू लागली आहे. १९६२ मध्ये सिॲटल येथे जन्मलेले बेकर हार्वर्ड विद्यापीठात आरंभी तत्त्वज्ञान शिकत होते. पुढे ते जीवशास्त्राकडे वळले. बर्कले येथे १९८९ मध्ये पीएच.डी. मिळवून १९९३ मध्ये ते सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापक झाले.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. ती जशी घडी घेते, तसे तिचे कार्य ठरते. मण्यांच्या क्रमावरून घडी ओळखण्यासाठी बेकर यांच्या गटाने ‘रोझेटा’ ही संगणकप्रणाली रचली. मग त्यांनी प्रश्न उलटा केला: हवी ती घडी आधी ठरवून क्रम शोधता येईल काय? २००३ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. ‘टॉप-७’ हे ९३ अमिनो आम्लांचे, निसर्गात न आढळलेल्या घडीचे प्रथिन सिद्ध झाले. या कार्यासाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना लाभला.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या गटाने व सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात नवे संशोधन प्रसिद्ध केले. नागकुळातील सर्पांच्या विषातील घातक प्रथिनांना चिकटून त्यांना निष्प्रभ करणारी छोटी प्रथिने त्यांनी संगणकावर रचली. ती सूक्ष्मजीवांकरवी बनविता येतात; घोडा लागत नाही. विष दिलेले ८० ते १०० टक्के उंदीर त्यांमुळे वाचले.

अर्थात, उंदीरही पंचेंद्रिय जीवच; म्हणून ही वाट सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही. शिवाय घोणस व फुरसे यांच्या विषाची घडण निराळी आहे आणि प्रत्यक्ष औषध हाती येण्यास अवधी लागेल. तोवर दंश झालेल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता रुग्णालयात नेणे, हीच खरी जीवदया होय.