घेण्याआधी 'भ' आणि 'घ' लिहून बघा

प्लॅटिनम प्रेपी, पायलट काकुनो, लॅमी सफारी. पहिल्यांदा शाईचे पेन घेणारा बहुधा या तिघांपाशी अडतो. प्रेपी सर्वांत स्वस्त, सफारी सर्वांत महाग.

निबवर 'फाइन' लिहिलेले असले तरी फसू नका. जपानी फाइन (प्रेपी, काकुनो) जर्मन फाइनपेक्षा (सफारी) बारीक असते. देवनागरीत हा फरक लगेच दिसतो: जाड निबने बारीक अक्षर काढले की 'भ'ची गाठ भरते, 'घ' आणि 'ध' सारखेच दिसू लागतात. त्यामुळे एकरेघी वहीत लिहायचे असेल तर प्रेपी किंवा काकुनो. सही आणि पत्रांसाठी सफारी.

सफारीची (१९८०पासून बाजारात) पकड त्रिकोणी खाचांची आहे. बोटे तिथेच ठेवावी लागतात. पेन किंचित फिरवून धरायची सवय असेल तर ही खाच छळते, म्हणून दुकानात पानभर लिहून बघा. काकुनो मुळात मुलांसाठी काढलेले. निबवर हसरा चेहरा आहे, तो वर दिसला म्हणजे पेन सरळ धरले आहे. मोठ्यांनी लाजू नये. प्रेपीच्या टोपणात स्प्रिंगवर बसलेले आतले झाकण असते. महिनोन्‌महिने पडून राहिले तरी शाई सहसा वाळत नाही. मात्र या पेनाचे प्लास्टिक तडकते.

तिन्ही कंपन्यांची कार्ट्रिज वेगवेगळी, एकमेकांना बसत नाहीत. बाटलीतली शाई भरायची तर त्याच कंपनीचा कन्व्हर्टर लागतो. त्याची किंमत आधी विचारा, प्रेपीच्या बाबतीत ती पेनाइतकी किंवा जास्तही भरते.