छोट्या हत्तीच्या घरची रेंज रोव्हर

साठच्या दशकात धुळ्याच्या आग्रा रोडवरून धावणाऱ्या अनेक मालट्रकांच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी असे. १९५४ मध्ये टाटांची टेल्को आणि जर्मनीच्या डाइमलर-बेंझ यांच्यात करार झाला आणि 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' नावाचे ट्रक भारतात बनू लागले. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि टाटांचं नाव उरलं. आज ज्या चिन्हासाठी लोक पन्नास लाख, कोटी रुपये मोजतात, ते आपल्या भागाने पहिल्यांदा पाहिलं ते पोती आणि गाठी वाहणाऱ्या ट्रकांवर. खुद्द जर्मनीत तर मर्सिडीज टॅक्सी म्हणूनही चालते.

हे आधी सांगण्याचं कारण असं की, 'रोजच्या वापराच्या गाड्या बनवणारी कंपनी आलिशान गाड्यांच्या बाजारात टिकेल का?' या प्रश्नात एक गृहीत धरलेली भिंत आहे. साध्या गाड्यांचं जग अलीकडे आणि श्रीमंतांच्या गाड्यांचं पलीकडे. भिंत आहे हे खरं, पण ती कशाची बनली आहे हे तपासल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

तपासायला खानदेशाइतकी चांगली जागा नाही. लग्नसराईत जळगाव किंवा धुळ्यातल्या एखाद्या मोठ्या लॉनबाहेर एमएच १९ आणि एमएच १८ पासिंगच्या गाड्यांची रांग पाहा. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज दिसतात, नाही असं नाही. पण ज्या गाडीतून भाऊ, दादा, आबा उतरतात आणि आजूबाजूची माणसं सरकून वाट देतात, ती बहुधा पांढरी फॉर्च्युनर असते. २००९ मध्ये भारतात आलेली ही गाडी टोयोटाची, म्हणजे टॅक्सीवाल्यांची लाडकी इनोव्हा बनवणाऱ्या कंपनीची. दोघीही बंगळुरूजवळच्या बिडदीत बनतात. फॉर्च्युनरचा सांगाडा ट्रकसारखा शिडीच्या चौकटीचा, त्यामुळे खराब रस्त्यावर मागच्या सीटवरचा माणूस चांगलाच हलतो. आतली सजावट जर्मन गाड्यांच्या जवळपासही जात नाही. तरी टॉप मॉडेलची ऑन-रोड किंमत अशी की थोडी भर घातली तर बीएमडब्ल्यूची एक्स-१ किंवा मर्सिडीजची जीएलए दारात उभी राहील. कर म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून या तिन्हींवर सारखाच ४० टक्के जीएसटी आहे. सरकारला बिल्ला दिसत नाही, लांबी आणि इंजिन दिसतं.

मग माणसं चांदणी सोडून फॉर्च्युनर का घेतात? कारण मालकाचा हिशोब शोरूममध्ये संपत नाही. गाडी यावल-रावेरच्या केळीच्या शिवारात जाते, पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर उतरते. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा एसीने पाच मिनिटांत दम दाखवायला हवा. बिघाड झाला तर पार्ट किती दिवसांत येईल? जर्मन गाडीच्या मोठ्या कामासाठी खानदेशातल्या मालकाला बहुतेकदा नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. जळगावहून एकीकडे अजिंठ्याचा घाट, धुळ्याहून दुसरीकडे दीडशे किलोमीटरचा आग्रा रोड. आणि पाच-सात वर्षांनी विकायला काढली तर? फॉर्च्युनरला गिऱ्हाईक घरी येतं. सेकंड हँड जर्मन गाडी मात्र निम्म्याहून कमी भावात मिळते, कारण विकत घेणाऱ्यालाही पुढच्या खर्चाची धास्ती असते.

जळगावच्या सराफ बाजाराशी संबंध आलेल्या कुणालाही यातलं मर्म कळेल. बावीस कॅरेटचं सोनं सगळीकडे सारखंच, त्याचा भाव रोज जाहीर होतो. फरक पडतो तो घडणावळीत आणि पेढीच्या शब्दात, म्हणजे उद्या मोडायला आणलं तर ही पेढी काय भावाने परत घेईल यात. गाडीतलं लोखंड, इंजिन आणि चामडं कोणतीही मोठी कंपनी उत्तम देऊ शकते. तंत्रज्ञान आज एवढं सगळीकडे पोचलं आहे की तिथे भिंत उरलेलीच नाही. अडचण शब्दाची आहे, आणि शब्द पिढ्यांमध्ये कमावला जातो.

हे टोयोटाला फार लवकर कळलं. १९८३ मध्ये कंपनीचे प्रमुख एइजी टोयोडा यांनी आपल्या माणसांपुढे प्रश्न ठेवला की जगातल्या सर्वोत्तम गाड्यांना आव्हान देणारी गाडी आपण बनवू शकतो का. तेव्हा टोयोटा म्हणजे स्वस्त, टिकाऊ, अ‍ॅव्हरेज देणारी गाडी. इचिरो सुझुकी या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली हजाराहून अधिक अभियंते कामाला लागले, सुमारे साडेचारशे नमुना गाड्या बनल्या आणि १९८९ मध्ये लेक्सस एलएस ४०० अमेरिकेत आली. गाडीवर टोयोटाचं नाव कुठेही नव्हतं. शोरूम वेगळे, विक्रेते वेगळे, वागण्याची रीत वेगळी.

खरी परीक्षा विक्री सुरू झाल्यावर काही महिन्यांतच आली. डिसेंबरात मागच्या ब्रेकलाइटची वायरिंग आणि क्रूझ कंट्रोल याबद्दल दोन-तीन मालकांनी तक्रारी केल्या. नव्या नावाच्या कंपनीला हा धक्का जीवघेणा ठरू शकला असता. लेक्ससने विकलेल्या सगळ्या, सुमारे आठ हजार गाड्या परत बोलावल्या. गाडी मालकाच्या घरून नेली, दुरुस्त केली, धुतली आणि टाकी भरून परत दारात उभी केली. वीस दिवसांत काम संपलं. सेवेच्या या तऱ्हेने लेक्ससला जे नाव मिळवून दिलं, ते जाहिरातींच्या कोट्यवधी डॉलरनीही मिळालं नसतं. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा धडा याच वीस दिवसांत आहे.

निसानने त्याच वर्षी इन्फिनिटी काढली. होंडाची अ‍ॅक्युरा तर १९८६ चीच. पण लेक्सस जिथे पोचली तिथे दोघीही पोचल्या नाहीत. इन्फिनिटीने २०२० मध्ये पश्चिम युरोपातून गाशा गुंडाळला. कोरियाच्या ह्युंदाईने २०१५ मध्ये जेनेसिस हे नाव स्वतंत्र केलं, ती वाट अजून चालू आहे.

दुसऱ्या बाजूला फोक्सवॅगनची फेटॉन. कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पिएख हे जातिवंत अभियंते. त्यांनी ड्रेस्डेन शहरात काचेचा कारखाना उभारला आणि २००२ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासच्या तोडीची गाडी काढली. गाडी खरोखर सुंदर होती. बेंटलेची कॉन्टिनेन्टल जीटी तिच्याच पायावर बांधली गेली आणि ती खपली. फेटॉनच्या नाकावर मात्र गोल्फ आणि पोलोवर असतो तोच व्हीडब्ल्यूचा बिल्ला होता. अमेरिकेत काही वर्षांत विक्री थांबवावी लागली, २०१६ मध्ये उत्पादनच बंद झालं. एकाच कारखानदाराच्या एकाच सांगाड्यावरच्या दोन गाड्या, आणि नाव बदललं की नशीब बदललं. आपल्याकडे मारुतीने २०११ मध्ये किझाशी आणली. सुझुकीची ही मोठी सेडान परदेशातून तयार येई. साडेसोळा लाखांच्या पुढे किंमत आणि नाकावर अल्टोचाच बिल्ला. ती तीन-चार वर्षांत दिसेनाशी झाली. मारुतीने धडा घेतला आणि २०१५ मध्ये नेक्सा हे निराळे शोरूम काढले. नेक्साला मी आलिशान म्हणणार नाही, पण गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत बदलली की तोच मारुतीवाला माणूस जास्त पैसे देतो, हे तिथे सिद्ध झालं.

आता वळू टाटांकडे. २००५ मध्ये टाटा एस आली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने पुण्यात घडवलेली ही गाडी खानदेशात 'छोटा हत्ती' म्हणूनच ओळखली जाते. भाजीपासून मंडपाच्या सामानापर्यंत सगळं तिच्या पाठीवर. १० जानेवारी २००८ रोजी याच कंपनीने एक लाखाची नॅनो दाखवली आणि अवघ्या अडीच महिन्यांनी, २६ मार्चला, जग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २३० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. जगातली सर्वांत स्वस्त मोटार आणि इंग्लंडच्या राजघराण्याच्या दारातली गाडी एकाच मालकाच्या झाल्या.

या सौद्याला एक जुनी सल होती. इंडिका १९९८ च्या अखेरीस आली, सुरुवातीला नीट चालली नाही, म्हणून १९९९ मध्ये रतन टाटा आणि त्यांचे सहकारी प्रवासी गाड्यांचा धंदा फोर्डला विकायला डेट्रॉइटला गेले होते. तिथे त्यांना 'ठाऊक नव्हतं तर या धंद्यात पडलातच कशाला' अशा अर्थाचं ऐकावं लागलं. त्या दौऱ्यात असलेले प्रवीण काडले यांनी २०१५ मध्ये मुंबईत यशवंतराव चव्हाण पुरस्काराच्या कार्यक्रमात ही हकीकत सांगितली. नऊ वर्षांत पारडं फिरलं. ऐकायला गोड आहे, पण धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे घडलं.

फोर्डने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन नावांसाठी मिळून पाच अब्ज डॉलरच्या आसपास मोजले होते. आणि मग २००१ मध्ये आपल्या साध्या माँडिओच्या सांगाड्यावर जग्वार एक्स-टाइप काढली. लोकांनी ती ओळखली. आलिशान नाव विकत घेऊन त्याखाली साधी गाडी सरकवली की नाव खाली येतं, हे फोर्डने पदरचे पैसे घालून जगाला शिकवलं. टाटांनी उलट केलं. गाड्यांवर कुठेही टाटा लिहिलं नाही. आरेखन, कारखाने, माणसं इंग्लंडातच ठेवली आणि पैसा पुरवत राहिले. तोही कसा, तर जगभर मंदी असताना! २००८-०९ मध्ये टाटा मोटर्सला एकत्रित सुमारे अडीच हजार कोटींचा तोटा झाला. हे परवडणारं नाही, असं जाणकार म्हणत होते. २०११ मध्ये रेंज रोव्हर इव्होक आली, चीनचा बाजार उघडला आणि गाडं रुळावर आलं. सगळंच जमलं असं नाही. कमावलं ते मुख्यतः लँड रोव्हरने. जग्वार आजही चाचपडते आहे, २०२४ मध्ये तिला जुन्या गाड्या बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

याच २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात सुरू करण्याची घोषणा झाली. इंग्लंडबाहेर ही गाडी पहिल्यांदाच बनते आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. आयात कर वाचल्याने किंमत जवळपास पाचव्या हिश्शाने उतरली. उलट्या दिशेनेही प्रवाह वाहतो. २०१९ ची टाटा हॅरियर लँड रोव्हरच्या पायावरून घेतलेल्या सांगाड्यावर उभी आहे. पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या रस्त्यावर हॅरियर चालवणारा माणूस त्या जुन्या इंग्रजी अनुभवाचा थोडा वाटा वापरत असतो.

महिंद्राने तिसरी वाट धरली आहे. नाशिकमध्ये बोलेरो आणि स्कॉर्पिओ बनवणाऱ्या या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या आणल्या. बनतात चाकणला, सुरुवातीच्या किमती एकोणीस ते बावीस लाखांच्या दरम्यान. विजेच्या गाडीवर जीएसटी फक्त ५ टक्के. आतला पडदा, आवाज, वेग या बाबतीत त्या दुप्पट किमतीच्या गाड्यांशी बोलतात. इंजिनाचा शंभर वर्षांचा वारसा विजेच्या मोटरपुढे फारसा कामाला येत नाही, त्यामुळे जर्मन कंपन्यांची एक बाजू इथे लंगडी पडते. मला यात मोठी संधी दिसते.

बाजार अजून लहान आहे. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनं विकली गेली, त्यात आलिशान म्हणाव्यात अशा जेमतेम एक टक्का. सर्वांत पुढे असलेल्या मर्सिडीजने २०२४ मध्ये साडेएकोणीस हजारांच्या आसपास गाड्या विकल्या. पण मोठ्या शहरांबाहेर पैसा नाही हा समज कधीच मोडला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, गावातल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्याच शहराच्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जात होत्या. युरोपात सर्वसामान्यांची समजली जाणारी स्कोडा इथे ऑक्टाव्हियाच्या जोरावर डॉक्टर-वकिलांची मानाची गाडी झाली. पुढे सर्व्हिसच्या तक्रारींनी तो मान ओसरला आणि कंपनीला तो परत मिळवायला खूप वर्षं झटावं लागलं.

तेव्हा माझा निकाल असा. सर्वसामान्य गाड्यांची कंपनी आलिशान बाजारात जिंकू शकते, टोयोटाने जिंकून दाखवलं आहे आणि टाटांनी अर्धं मैदान मारलं आहे. त्यासाठी वेगळं नाव लागतं, तोटा सोसत वीस वर्षं थांबायची तयारी लागते आणि सेवा गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत न्यावी लागते. यातल्या तिसऱ्या गोष्टीत जर्मन कंपन्या खानदेशात आजही कच्च्या आहेत, आणि टाटा, महिंद्रा, टोयोटा यांची वर्कशॉपं इथे आधीपासून उभी आहेत. या दिवाळीत किंवा पुढच्या लग्नसराईत मोठी गाडी घ्यायचा विचार असेल, तर बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: मोठं काम निघालं तर गाडी कुठे न्यायची, ती ओढून न्यायचा खर्च कोणाचा आणि पार्ट किती दिवसांत मिळणार.