दुखत नाही म्हणून...

माझ्या डाव्या गालाखालची सूज आधी दिसली ती जाऊबाईंना. हळदीकुंकवाला त्यांनी विचारलं, "अगं, तोंडात सुपारी धरलीस का?" दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. मी हसण्यावारी नेलं, ते तब्बल दीड वर्ष!

मग दाढ जागची सरकली, घास नीट चावेना. दाताच्या डॉक्टरांनी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला आणि जिल्ह्याला पाठवलं. तिथे सीटी स्कॅन झाला, हाडाचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत झोप नाही. ‘गाठ’ म्हटलं की आपल्या मनात एकच शब्द येतो ना!

रिपोर्टमध्ये नाव होतं ‘ऑसिफाइंग फायब्रोमा’. डॉक्टर म्हणाले, "ताई, हा कॅन्सर नाही. ही गाठ शरीरात पसरत नाही, पण जागच्या जागी वाढत राहते. म्हणून काढायची." तिशी-चाळिशीतल्या बायकांत, खालच्या जबड्यात ही जास्त दिसते म्हणे. अर्थात जबड्यावरचा प्रत्येक उंचवटा गाठ नसतो. टाळूच्या मधोमध कडक उंचवटा अनेकींना असतो. कवळीला अडला नाही, तर तो काढावाही लागत नाही. पण कुठला कोणता, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

ऑपरेशन तोंडाच्या आतून झालं, चेहऱ्यावर व्रण नाही. काही दिवस पेज आणि मऊ भात. खालचा ओठ मात्र बरेच महिने बधिर होता, कारण तिथली शीर जबड्याच्या हाडातूनच जाते.

खरी चूक पुढे झाली. ‘काही वर्षं तपासणीला येत राहा,’ असं बजावलं होतं. दोनदा गेले. मग लेकीचं लग्न निघालं, नंतर तिचं बाळंतपण. बरी तर आहे, म्हणून दोन वर्षं टाळलं. शेवटी गेले, तेव्हा डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी धरली. नव्या फिल्मवर बोराएवढी सावली होती. गाठीचा अंश राहिला, तर ती पुन्हा वाढू शकते. पुन्हा ऑपरेशन झालं, सुदैवाने लहानसं. आणखी उशीर केला असता तर जबड्याचं हाडच कापावं लागलं असतं.

मैत्रिणींनो, जुन्या फिल्म आणि रिपोर्ट एका फाइलीत जपून ठेवा, दर खेपेला सोबत न्या. सूज पंधरा दिवसांत उतरली नाही, दात हलला, ओठ बधिर झाला, तर दाखवाच.

आमच्या कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख असते, दुधाचे खाडे असतात. आता तिथे माझ्या तपासणीची तारीखही असते, लाल शाईत!